तांड्यापासून फडापर्यंत : परभणी जिल्ह्यातील आपल्या समाजाच्या स्थलांतराचा इतिहास

समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे आपण बहुधा वतने, सनदा, इनामपत्रे आणि वंशावळी यांचा शोध घेऊ लागतो. हा शोध व्यर्थ आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ही सारी साधने एका ठिकाणी स्थिर राहिलेल्या माणसांनी आणि अशाच माणसांसाठी निर्माण केलेली आहेत. जो गावात राहिला त्याचे नाव पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात चढले. जो वाटेवर राहिला त्याची नोंद ठेवण्याचे कोणास कारण पडले नाही. आपल्या वंजारी समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग वाटेवरच घडलेला आहे. म्हणून गंगाखेड, सोनपेठ, पालम आणि जिंतूर या तालुक्यांतील आपल्या वाड्यावस्त्यांचा इतिहास सांगताना, माणसे कोठे राहिली यापेक्षा ती कोठे गेली, का गेली आणि त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांनी या जाण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे पाहणे आम्हास अधिक अगत्याचे वाटते.

घर सोडून जाणे ही या भूमीला नवी गोष्ट नव्हे. ज्या नरसी बामणीला संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात, ते गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला. ते नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले. गंगाखेडच्या जनाबाई लहान वयातच आपले गाव सोडून पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामास राहिल्या, असे परंपरा सांगते. संतांच्या जाण्याचा महिमा आपण गातो. परंतु पोटासाठी गेलेल्या सामान्य माणसाचे काय झाले, याचा हिशोब अद्याप कोणी मांडलेला नाही. तो अल्प प्रमाणात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

बैलांच्या पाठीवरील व्यापार

पक्के रस्ते व आगगाडी येण्यापूर्वी दख्खनेतील धान्य, कापूस आणि मीठ यांची वाहतूक बैलांच्या पाठीवरून होत असे. गोदावरीच्या खोऱ्यातील धान्य व वऱ्हाडचा कापूस घाट उतरून जावा आणि कोकणचे मीठ घाट चढून यावे, हे काम लदलेल्या बैलांच्या लांबच लांब रांगा घेऊन हिंडणाऱ्या लोकांचे होते. आपल्या पूर्वजांचा मोठा भाग या व्यवसायात होता. लमाण-बंजारा बांधवांचे तांडेही याच वाटांनी चालत. या दोन समाजांचा परस्परसंबंध काय आणि ‘वंजारी’ शब्दाची व्युत्पत्ती कोणती, हा वाद आम्ही विद्वानांवर सोपवितो.

लष्करांना तर या लोकांवाचून एक पाऊल टाकता येत नसे. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांविरुद्ध जी मोहीम केली, तिच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ या नावाने धान्य पुरविणाऱ्या तांड्यांचा उल्लेख वारंवार येतो. त्या मोहिमेतील असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर झाली. उभय पक्षांना धान्याची गरज असल्याने या तांड्यांना सहसा कोणी उपद्रव देत नसे, असे त्या काळच्या लेखकांनी नमूद करून ठेवले आहे. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. फिरता माणूस त्या काळी संशयास्पद मानला जात नव्हता, कारण त्याच्या फिरण्यावर राज्याचे पोट अवलंबून होते. बैल त्याचे, गोणी त्याची आणि भाव ठरविण्याची शक्तीही बऱ्याच अंशी त्याचीच होती.

आगगाडी आणि दुष्काळ

ही स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटली. प्रथम खडीचे रस्ते आले आणि बैलाच्या पाठीची जागा बैलगाडीने घेतली. नंतर मुंबईकडून आलेले लोहमार्ग एकीकडे नागपूर व दुसरीकडे रायचूरपर्यंत पोहोचले. अखेरीस १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी स्थानके उभी राहिली. सरकी काढण्याचे कारखाने निघाले. परभणी, सेलू व मानवत या कापसाच्या पेठा भरभराटीस आल्या. जिल्ह्याची ही प्रगती खरीच होती. परंतु जे काम हजारो बैल महिनोन्महिने करीत, ते काम आगगाडी काही दिवसांत करू लागली. व्यापारी पेठेत राहिला, मालही राहिला. वाहणारा मात्र निरुपयोगी झाला.

मग आपल्या लोकांनी बैल नांगरास जुंपले. परंतु ज्याने उशिरा शेती धरली त्याच्या वाट्यास काळी सुपीक जमीन कोठून येणार? ती गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठी पूर्वीच वाटली गेली होती. राहिली ती दक्षिणेस बालाघाटच्या आणि उत्तरेस जिंतूरकडील डोंगरांच्या उतारावरील हलकी, मुरमाड जमीन. पाऊस झाला तर बाजरी-कुळीथ, न झाला तर काहीच नाही. आजही ज्या वाड्यांतून सर्वाधिक माणसे बाहेर जातात, त्या बहुतेक याच उतारांवर वसलेल्या आहेत, हा योगायोग नव्हे.

याच काळात राज्यकर्त्यांची दृष्टीही बदलली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि देशातील अनेक फिरत्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. दुसरीकडे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश मुलखात दुष्काळ संहिता तयार झाल्या. लोक सैरावैरा भटकू लागले म्हणजे दुष्काळ जवळ आला असे समजावे आणि त्यांच्या वस्तीजवळ कामे काढून ही भटकंती थांबवावी, असा त्यांचा रोख होता. उपाशी माणसाला काम द्यावे हे तत्त्व उदात्त होते. परंतु गाव सोडणारा माणूस म्हणजे एक अडचण आणि त्याला परत गावी बसविणे म्हणजे कारभार, हा विचार तेव्हापासून सरकारी दप्तरात रुजला, तो पूर्णपणे गेलेला नाही.

निजामी अंमलापासून महाराष्ट्रापर्यंत

आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यानेही येण्याजाण्याविषयी नियम केले, परंतु ते कोणासाठी? १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम निश्चित झाले. राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेल्यासच सरकारी नोकरी मिळावी, असा त्यांचा आशय होता. ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा वाद पुढे अनेक वर्षे गाजला. कचेरीतील खुर्चीवर कोणी बसावे, याची चिंता राज्याने अशी बारकाईने वाहिली. परंतु सुगी संपल्यावर पोटासाठी वऱ्हाडात किंवा इंग्रजी मुलखात जाणारा शेतकरी किती दिवस जातो आणि कसा परततो, हे विचारणारा एकही नियम नव्हता.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या प्रांतांत आश्रयास गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपल्यावर ती परतली. १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या. १९५० च्या कूळकायद्याने कुळांना हक्क मिळाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या साऱ्या बदलांचा लाभ आपल्या समाजासही झाला. परंतु कूळकायदा कसणाऱ्यास जमीन देऊ शकतो, जमिनीस पाणी देऊ शकत नाही.

पाण्याचे प्रयत्नही मोठे झाले. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत पाणी घेऊन आला. परंतु कालव्याचे पाणी उताराने वाहते. ते डोंगर चढत नाही. खालच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला आणि वरच्या मुरमाड वाड्यांतील माणसे, आपल्या व परक्या जिल्ह्यांतील तोच ऊस तोडण्यासाठी, खाली उतरू लागली.

ऊस, उचल आणि कोयता

ऊसतोडणीच्या स्थलांतराचे मूळ नगर जिल्ह्यात आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या काठी उसाचे मळे फुलले. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला हंगाम १९५० साली सुरू झाला. महाराष्ट्रातील सहकाराची ही गंगोत्री होय आणि तिचा अभिमान सर्व मराठी जनांस आहे. या वाटेने पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. कारखाना एकदा पेटला की तो रात्रंदिवस चालला पाहिजे, आणि तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर उतरते. म्हणून वेळी-अवेळी हाकेस ओ देणारे, फडाशेजारीच राहणारे मजूर कारखान्यांना हवे होते. स्वतःचे घर व शेत जवळ असलेला मजूर असा बांधला जात नाही. दूरच्या दुष्काळी भागातील मजूर जातो. बीड, नगर व परभणीच्या डोंगरी भागातील माणसे या कामास का लागली, याचे उत्तर येथे आहे.

या व्यवहाराची रीत आपल्या वाचकांपैकी अनेकांना घरातूनच ठाऊक आहे. तथापि शहरात वाढलेल्या पिढीसाठी ती थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा मुकादम येतो आणि हंगामापूर्वी उचल देतो. पति-पत्नी मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि उन्हाळ्यात परत येते. पाच-सहा महिने कोपीत राहावयाचे. पहाटेच्या अंधारात फडावर जावयाचे, ऊस तोडून मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरावयाच्या. जनावरांना वाढे मिळते, काही वाढे विकून मीठमिरची भागते. आजारपणाने दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात. हंगाम संपल्यावर टनेजाचा हिशोब होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या वर्षावर चढते आणि त्या बाकीसाठी पुढला हंगामही बांधला जातो.

येथे इतिहासाने केलेली एक विलक्षण थट्टा दृष्टीस पडते. पूर्वजांचे बैल धान्य वाहत, तेव्हा बैलही त्यांचे आणि व्यवहारही त्यांचा होता. आज बैलगाडी घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचे बैल स्वतःचे असतात. टायरची गाडी पुष्कळदा कारखान्याची असते, ऊस बागाईतदाराचा असतो आणि दर दुसरेच कोणी ठरवितात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. या वाढीमागे अनेक वर्षांचे संप व आंदोलने आहेत आणि त्यांत आपल्या समाजातील कार्यकर्त्यांचा मोठा वाटा आहे. परंतु कोयत्याचा दर पति-पत्नीच्या जोडीचा असतो आणि उचल बहुधा पतीच्या हाती पडते. निम्मा ऊस तोडणाऱ्या भगिनीचे नाव कोणत्याच चिठ्ठीवर नसते.

याचा परिणाम तिच्या देहावर झाला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात आरोग्य खात्याने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. बीड आपला शेजारी जिल्हा आहे. गंगाखेड-सोनपेठचे सोयरसंबंध तेथेच आहेत. ही संख्या दुसऱ्या कोणाची म्हणून आपल्याला बाजूस सारता येणार नाही. आणखी एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. पुष्कळ ठिकाणी कोयताही आपला आणि मुकादमही आपलाच असतो. उचल बुडाली तर मुकादमाचेही घर बसते, हे आम्ही जाणतो. परंतु हिशोबाचा कागद न देता सोयऱ्याच्या विश्वासावर माणूस बांधून ठेवणे हे सोयरिकीस शोभत नाही.

कायदे कोणासाठी झाले?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्याचा विस्तार झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली केंद्रानेही त्या दिशेने देशव्यापी कायदा केला. ज्या १९७२ साली दुष्काळाने कहर केला, त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी येथूनच शेतकऱ्यांपर्यंत गेली. या गोष्टींनी अनेक घरे तगली. तरी कोयता थांबला नाही, कारण हमीचे काम आठवड्याची मजुरी देते आणि तीही पुष्कळदा उशिरा. मुलीच्या लग्नास किंवा घरातील आजारपणास लागणारी एकरकमी उचल ते देत नाही.

१९७९ साली केंद्र सरकारने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. ठेकेदाराची नोंदणी, प्रवासभत्ता, निवास अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. पालमहून कर्नाटकात जाणारा त्यात बसे. पालमहून कोल्हापुरास जाणारा, तितकेच कष्ट सोसूनही, त्यात बसत नसे. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. याउलट १९६९ चा माथाडी कायदा पाहावा. ज्या हमालाचा एक असा मालक नाही, त्याचीही नोंद मंडळाकडे व्हावी आणि मजुरी मंडळामार्फत मिळावी, ही व्यवस्था महाराष्ट्राने अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीच्या बळावर केली. घर सोडून मुंबईस गेलेल्या घाटावरच्या मजुराला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. ऊसतोड मजुराचाही एक असा मालक नाही. म्हणून हाच धडा त्यालाही लागू पडतो.

त्या दिशेने पाऊल पडले आहे. २०१९ साली कै. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा निर्णय झाला. टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकीच रक्कम शासनाने द्यावी, असे पुढे ठरले. २०२१ साली १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर झाली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव देण्यात आले. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यावे, असाही आदेश निघाला. भगवानबाबांनी (१८९६-१९६५) हयातभर शिक्षणाचा उपदेश केला. त्यांचे नाव दिलेल्या वसतिगृहातील प्रत्येक खाट भरली पाहिजे, हे पाहणे शासनाइतकेच आपले कर्तव्य आहे.

जगाच्या व्यासपीठावरही हा विषय आला आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. माणसांचे स्थलांतर सुरक्षित व सुव्यवस्थित व्हावे, हे त्यांतील एक लक्ष्य आहे. २०१८ च्या डिसेंबरात मोरोक्को देशातील माराकेश येथे स्थलांतराविषयी जागतिक करार झाला. त्यात २३ उद्देश आहेत आणि पहिलाच उद्देश आहे अचूक माहिती गोळा करण्याचा, म्हणजे मोजणीचा. हा करार देशाची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आहे. तरीही त्याने प्रथम कशास हात घातला, हे आपण शिकण्याजोगे आहे. चीनमध्ये १९५८ पासून गावच्या नोंदवहीने माणसाचे रेशन, शाळा व नोकरी गावाशी जखडून ठेवली. आपल्या राज्यघटनेने देशात कोठेही जाण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु माणूस स्वतंत्र असला तरी त्याची शिधापत्रिका, मुलांची शाळा, अंगणवाडीतील आहार आणि मतदारयादीतील नाव ही दीर्घकाळ गावीच राहिली. शिधापत्रिकेपुरता हा बांध अलीकडे फुटला आहे. २०२० पासून महाराष्ट्राची शिधापत्रिका अन्य राज्यांतही चालू लागली.

नोंद नसण्याची किंमत किती भयंकर असते, हे २०२० च्या टाळेबंदीने दाखविले. ऊसतोड मजूर फडावर अडकून पडले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांना परवानगीची वाट पाहावी लागली. ८ मे रोजी जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ कामगार करमाडजवळ रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. हा तोच लोहमार्ग होय, जो १९०० च्या सुमारास आपल्या पूर्वजांच्या बैलांची वाट संपवून गेला. हे कामगार कोणत्या जातीचे होते, हा प्रश्नच नाही. ते घर सोडून कामास आलेले होते आणि त्यांच्या परत जाण्याची जबाबदारी कोणत्याही एका कचेरीकडे नव्हती.

शिरगणती आणि आपण

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. २०११ च्या शिरगणतीनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. ही गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे उसाचा हंगाम ऐन भरात असताना. जो जेथे राहत असेल तेथे त्याची गणना होते. मग आपल्या वाड्यांतील कोयते आपल्या तालुक्यात मोजले गेले असतील काय? काही फडावर मोजले गेले असतील, काही कोठेच नाही. परंतु धान्याचा कोटा, गावचा निधी, अंगणवाडी आणि शाळेचे शिक्षक ही सारी गणती याच आकड्यांवर बसविली जाते. ज्या वाडीतून निम्मी माणसे बाहेर आहेत, ती वाडी कागदावर लहान होते आणि लहान वाडीस रस्ता उशिरा मिळतो.

२०२१ ची शिरगणती झाली नाही. पुढील शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केली आणि तीत जातीचीही नोंद होईल असे सांगितले. सर्व जातींची संपूर्ण मोजणी यापूर्वी १९३१ साली झाली होती. १९९४ साली भटक्या जमाती ‘ड’ या वर्गात आपल्या समाजास महाराष्ट्रात २ टक्के आरक्षण मिळाले. पुढे या विषयाची जी काही चर्चा होईल ती नव्या आकड्यांवरच होईल. आणि हा आकडा पुन्हा फेब्रुवारी महिन्याचाच असणार! सभा-संमेलनांतून आपण आपली संख्या मोठ्या आवाजाने सांगतो. परंतु ज्या बांधवांमुळे ती संख्या होते ते त्या वेळी उसाच्या पाचटात असतील आणि गणना करणारा त्यांच्या कोपीपर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही.

ही उणीव भरून काढण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक वाडीत एक वही असावी. तीत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, सोबतची मुले, जाण्याचे ठिकाण, मुकादमाचे नाव, घेतलेली उचल आणि परत येण्याची तारीख लिहावी. पति-पत्नी दोघांची नावे स्वतंत्र ओळींत असावीत. वहीची एक प्रत ग्रामसेवकाकडे द्यावी आणि ओळखपत्र मागावे. दुसरी प्रत संघाकडे यावी. जे ज्ञातिबांधव मुकादमीचा व्यवसाय करतात त्यांनी उचलीचा व टनेजाचा लेखी कागद द्यावा. त्यामुळे त्यांचाही पैसा सुरक्षित राहील. मागे राहणाऱ्या मुलांसाठी आजी-आजोबांच्या देखरेखीखाली गावातच जेवणाची व अभ्यासाची सोय करावी. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली आणि त्यांतून एक पिढी घडली. परभणीतही आपल्या समाजाच्या साह्याने शिकलेली मुले आज डॉक्टर, शिक्षक व अधिकारी आहेत. त्यांनी एका वाडीच्या एका हंगामाचा भार उचलला तरी पुष्कळ होईल. पुणे, सांगली, कोल्हापूर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांनी फेब्रुवारीत जवळच्या फडावर जाऊन, आपल्या माणसांची गणना झाली किंवा नाही, एवढे पाहावे. आणि फडावर गेल्यावर आपल्या शेजारच्या कोपीतील मराठा, धनगर, बंजारा किंवा दलित बांधवाचीही चौकशी करावी, कारण उसाचे पाते जात पाहून हात कापीत नाही.

घर सोडून जाणे हा कमीपणा नाही. आपले पूर्वज गेले, म्हणून दख्खनेची लष्करे जेवली. आपले बांधव जातात, म्हणून राज्याचे कारखाने चालतात. डोंगरावरील हलक्या जमिनीस पाणी, हाताजवळ काम आणि मुलांस शिक्षण मिळाले तर जाणे हळूहळू इच्छेचा विषय होईल. तोपर्यंत ते गरजेचे राहणार. ही गरज संपेपर्यंत जाणाऱ्याचे नाव लिहून ठेवणे, हे तरी आपल्या हाती आहे. दसऱ्यास सर्व लोक सीमोल्लंघन करून संध्याकाळी घरी परततात. आपल्या हजारो बांधवांचे सीमोल्लंघन त्याच सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. येत्या दसऱ्यापूर्वी प्रत्येक वाडीची वही पूर्ण व्हावी, अशी सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.